बापाची चप्पल पोराला आली की: वाचायचं काय, बोलायचं काय

काही वर्षांपूर्वी जूनमधे सकाळी दूध आणायला निघालो तर दारात माझी चप्पल नाही. पोरगा घालून क्लासला गेलेला. बापाची चप्पल पोराला आली की त्याला मित्रासारखं वागवावं असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, लग्नकार्यात काका मंडळी तर हमखास म्हणतात, पण मित्रासारखं म्हणजे सोमवारी संध्याकाळी सात वाजता नेमकं करायचं काय ते कोणीच सांगत नाही. मी आपला त्याच दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, काय रे, काही टेन्शन आहे का, काही विचारायचंय का. "नाही." झालं, संपलं.

त्यानंतर जे काही जमत गेलं ते इथे लिहितोय, कारण माझ्या ओळखीतले निम्मे बाप याच भिंतीला डोकं आपटून बसलेत. या वयाच्या पोराला समोर बसवून बोलतं करता येत नाही, दोघांच्या मधे अजून कोणीतरी लागतं. आमच्यात तो कोणीतरी म्हणजे पुस्तकातला एक मुलगा. त्याच्याबद्दल बोलता बोलता पोरगा स्वतःबद्दल कधी बोलायला लागतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

सुरुवात कधी करायची? आवाज फुटायची वाट बघू नका. मुलांमधे बदल साधारण नऊ ते चौदा या वयात कधीही सुरू होतात आणि आवाज, मिसरूड वगैरे दिसणाऱ्या गोष्टी त्यातल्या उशिराच्या. त्याआधीच खोलीचं दार लागायला लागतं, आईला शाळेच्या गेटपर्यंत येऊ नकोस म्हणून सांगितलं जातं. सातवीच्या वर्गाचा फोटो काढून बघा, मुली एकदम उंच आणि मुलं गुडघ्याएवढी, कारण मुलींची उंची दोनेक वर्षं आधी वाढते. आमच्याकडे त्याला याचंच जास्त वाईट वाटत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. तेव्हा सातवी हे बरं वय आहे. आठवीत असेल तरी उशीर झाला असं काही नाही.

फास्टर फेणे तोपर्यंत वाचून झालेला असतो. नसला तर आधी तो द्या, भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या या किडकिडीत पोराला असं काही पळवलंय की वाचायची सवय नसलेलं पोरगंसुद्धा ओढलं जातं. पण बन्या, म्हणजे हा फास्टर फेणे, मोठा होत नाही, किती पुस्तकं वाचा, तो आहे तेवढाच राहतो. आणि आपल्या पोराच्या आयुष्यात नेमकं उलटं चाललेलं असतं, रोज सकाळी आरशात कोणीतरी थोडा वेगळाच उभा असतो. म्हणून पुढचं पुस्तक असं हवं की ज्यातला मुलगा आतून बदलतो.

माझ्या मते ते लंपनचं. प्रकाश नारायण संत यांचं 'वनवास', आणि मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. लंपन आईवडलांपासून लांब, बेळगावकडच्या एका गावात आजीआजोबांकडे राहतो, भावंडं मात्र तिकडे आईबाबांजवळ. याच्यावर कोणी अन्याय केलाय असंही नाही, आजी जीव लावते, मित्र आहेत, मैत्रीण सुमी आहे, तरी पण त्याच्या आत काहीतरी होत राहतं ज्याचं नाव त्याला माहीत नाही. तेराव्या वर्षाचं इतकं खरं वर्णन मराठीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. संतांचा जन्म १९३७ चा आणि 'वनवास' आलं १९९४ ला, म्हणजे पन्नाशी उलटून गेलेला माणूस शाळकरी पोराच्या आवाजात लिहितोय आणि एकही वाक्य मोठ्या माणसाचं वाटत नाही, मला तर हे अजूनही नवल वाटतं.

आता हे पुस्तक पोराच्या हातात कसं द्यायचं? देऊच नका. वाढदिवसाला कागदात गुंडाळून दिलेलं पुस्तक कपाटात जातं, हा आमच्या घरातला अनुभव आहे. तुम्ही मोठ्याने वाचा. रात्री जेवणं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं, हॉलमधेच, हिला वाचून दाखवतोय असं म्हणून मी सुरू केलं आणि पोरगा त्याचा बॉल भिंतीवर मारत तिथेच होता. त्याला इकडे बघ, नीट बस असं अजिबात म्हणायचं नाही. बॉलचा आवाज कधी थांबतो तेवढं ऐकत राहायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो तर आतून, "मग?" एवढंच. त्या एका शब्दावर पुढचं वर्षभर निघालं.

वाचताना कानडी हेल असलेलं मराठी येतं, ते येत नसलं तरी लाजू नका, जमेल तसं वाचा. एका रात्रीत गोष्ट संपवायचा हट्ट नको, उलट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं. आणि लंपन 'मॅड' म्हणतो तसं आपलं पोरगंही दोन आठवडे सगळ्याला मॅड म्हणत फिरेल, फिरू दे, ते पुस्तक त्याला लागलं याचीच ती खूण.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. एक गोष्ट संपली, सगळे गप्प बसलेले, आणि मी विचारलं की लंपनला नक्की काय वाटत असेल रे? बस, शाळा सुरू झाली. तो उठला आणि महिनाभर वाचनाला बसलाच नाही. लंपनला स्वतःला जे नाव देता येत नाही ते आपल्या पोराने का द्यावं? आपणही द्यायचं नाही. फार तर स्वतःचं काहीतरी बोलायचं, म्हणजे "मी पण सुट्टीत मामाकडे गेलो की तिसऱ्या दिवशी संडासात जाऊन रडायचो", असं, आणि गप्प बसायचं. उत्तर तेव्हा येणार नाही. आमच्याकडे ते तीन आठवड्यांनी आलं, गाडीवर, पेट्रोल पंपाच्या रांगेत.

'श्यामची आई' बद्दल जरा जास्त लिहायचंय, कारण या पुस्तकाचा आपण फार गैरवापर केलाय. पोराने उलट उत्तर दिलं की आपण श्यामचं उदाहरण देतो, आणि मग पोरांना तो श्याम नकोसा होतो. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिलं, पाच दिवसांत. वय तेहतीस. आई जाऊन किती वर्षं झालेली. ते लिहिणाऱ्या माणसाला आदर्श मुलाचं चित्र काढायचं नव्हतं, आपण आईशी कसे वागलो हे आठवून तो कासावीस झालेला होता आणि ते प्रत्येक रात्रीत, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात, दिसतं. श्याम भित्रा आहे, हट्टी आहे, आईला बोलतो, आणि मोठा झालेला श्याम हे सगळं आपल्या सोबत्यांना सांगतोय. म्हणजे पुस्तकात श्याम दोन आहेत, एक चुकणारा आणि एक ते आठवणारा. पोराला एवढं एकदा सांगा आणि मग त्याला हवं तिथून उघडू द्या.

मी त्याला पोहण्याची रात्र वाचून दाखवली. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो आणि माळ्यावर लपून बसतो, आई त्याला शिंपटीने मारत बाहेर काढते कारण पोरं त्याला भित्रा म्हणतील हे तिला सहन होत नाही. आमच्याकडे यावर जेवढी चर्चा झाली तेवढी कशावर झाली नाही. तो म्हणाला, मारलं ते चूकच आहे. मी म्हटलं, हो, मला पण मारणं चूक वाटतं. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, पण ती पण रडत असेल ना. यापुढे मी काहीही बोललो नाही आणि तुम्हीही अशा वेळी बोलू नका. बाकी 'अळणी भाजी' वाचा, भाजीत मीठ घालायचं राहिलं आणि वडील काही न बोलता जेवले, ही एवढीशी गोष्ट पुरुष कसा असावा याबद्दल दहा व्याख्यानांच्या वरची आहे. सगळ्या बेचाळीस रात्री ओळीने वाचायची गरज नाही.

आता शरीराचं. हे मधेच घेतोय कारण ते आयुष्यात पण मधेच येतं, वाचनाची यादी संपायची वाट बघत नाही.

जागा महत्त्वाची. समोरासमोर बसून नको. गाडीवर मागे बसलेला असताना, किंवा रात्री चालायला गेलो की, म्हणजे दोघांचं तोंड एकाच दिशेला असतं आणि एकमेकांचा चेहरा बघावा लागत नाही. एकदाच सगळं भाषण करायचं नाही, पाच-पाच मिनिटं, दहा वेळा. आणि शब्द मराठीतलेच वापरा, लिंग म्हणायचं, वृषण म्हणायचं, वीर्य म्हणायचं. आपण इंग्रजी शब्दामागे लपलो की पोराला कळतं की बाबा घाबरलेत.

एक शब्द मात्र घराबाहेर काढा, स्वप्नदोष. त्या शब्दातच दोष आहे. झोपेत वीर्य बाहेर येणं हे या वयात अगदी नेहमीचं आहे, कुठलाही दोष नाही, त्याने अशक्तपणा येत नाही, स्मरणशक्ती जात नाही, उंची खुंटत नाही. हस्तमैथुनाचंही तेच. रेल्वेलाइनच्या कडेच्या भिंतींवर रंगवलेल्या त्या जाहिराती बघतच आपली एक अख्खी पिढी मोठी झाली आणि त्यातल्या कितीजणांनी सोळाव्या वर्षी रात्र रात्र काळजीत काढली असेल. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हेच सांगत होते, शेवटपर्यंत, १९५३ पर्यंत, खटले अंगावर घेऊन. म्हणजे मराठीतून हे स्वच्छपणे सांगून झालंय, आता आपल्या घरात सांगायचं राहिलंय.

अजून दोन-तीन गोष्टी ज्या पोरं कधीच स्वतःहून विचारत नाहीत. छातीत स्तनाग्राच्या मागे दुखरी गाठ येते, कधी एकाच बाजूला. निम्म्याहून जास्त मुलांना कमीअधिक प्रमाणात हे होतं, वयात येताना बदलणाऱ्या संप्रेरकांमुळे, आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप जातं. पोराला मात्र वाटतं की आपल्याला कॅन्सर झाला किंवा आपण मुलगी व्हायला लागलो. तो अचानक शर्ट काढायचा बंद झाला, पोहायला नको म्हणायला लागला तर हे आठवा. दुसरं, एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं खाली असणं नॉर्मल आहे. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं, सोबत पोटात दुखणं किंवा उलटी असेल नसेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी त्याने उठवून सांगायचं आणि आपण लगेच हॉस्पिटलला न्यायचं. पीळ पडलेला असू शकतो आणि तो साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण वाचायची शक्यता चांगली असते. पोरं लाजेपोटी सकाळपर्यंत थांबतात, कोणी पोटात दुखतंय एवढंच सांगतं. हे वाक्य मी आमच्याला तीनदा सांगितलंय आणि अजूनही सांगेन. आणि चौदा वर्षं पूर्ण होऊनही वाढीची काहीच खूण नसेल तर चिडवत बसू नका, बालरोगतज्ज्ञाला दाखवा, बऱ्याचदा फक्त उशीर असतो पण तपासून घेतलेलं बरं.

मग येते नववी आणि मग यायला हवं मिलिंद बोकीलांचं 'शाळा'. हे मोठ्याने वाचायचं नाही. वर्गातल्या पोरांच्या तोंडच्या शिव्या, मुलींबद्दलचं बोलणं, वर्गातली शिरोडकर दिसली की गोष्ट सांगणाऱ्या मुकुंदाचं जे होतं ते, हे बापाच्या आवाजात ऐकायचं नसतं. तुम्ही आधी वाचा, वाचताना पोराला दिसू द्या, हसा, आणि पुस्तक हॉलमधे ठेवून द्या. ते नाहीसं होईल. कुठे गेलं विचारायचं नाही.

गोष्ट १९७५ च्या आसपासची, आणीबाणी चालू आहे, आणि ती बाहेरची आणीबाणी पोरांच्या जगात कशी हळूहळू शिरते हे बोकीलांनी फार बारीक लिहिलंय. पोराला आणीबाणी काय हे माहीत नसेल तर आजोबांना विचार म्हणा, आमच्याकडे त्यावरून आजोबा-नातवाची जी गट्टी जमली ती आधी नव्हती. पण मला त्या पुस्तकातून बाप म्हणून जे मिळालं ते नरूमामा. मुकुंदा आईबाबांना जे सांगू शकत नाही ते तो या मामाशी बोलतो आणि मामा त्याला मोठ्या माणसासारखा घेतो. प्रत्येक पोराला एक नरूमामा लागतो, आणि तो बाप नसतो. हे मान्य करायला मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण मग मी आमच्या धाकट्या मेव्हण्याला सरळ फोन केला की बाबा रे, महिन्यातून एक रविवार याला घेऊन जात जा, ट्रेकला ने, नुसता चहा पाज, आणि तो तुला काय सांगतो ते मला सांगू नकोस. फक्त जिवाला धोका असेल तर सांग. तुमच्याकडे मामा नसेल तर काका, आत्याचा मुलगा, कबड्डीचे कोच, कोणीही, फक्त माणूस तुम्हाला नीट माहीत असलेला हवा.

याच सुमाराला मुलींबद्दल बोलायचं. मुकुंदाच्या काळात नुसतं मागून चालत जाणं यालाच प्रेम म्हणायचे, आणि पोरं आजही तेच करतात, फक्त फोनवर. त्याला विचारा, तिला ते नको असेल तर ती कसं सांगेल? सांगता येईल का तिला? या प्रश्नावर आमच्याकडे पहिल्यांदाच खरा वाद झाला, आणि वाद झाला ते बरंच झालं. मित्राने कुणाचा फोटो पाठवला तर तो पुढे पाठवायचा नाही, आपल्याकडे ठेवायचाही नाही, यात मात्र वाद नाही, हे घरात सरळ सांगून टाकायचं.

आत्तापर्यंतच्या या पुस्तकांतल्या मुलांत एक गोष्ट सारखी आहे, सगळ्यांना शाळा सुटल्यावर भटकायला वेळ आहे, घरी कोणीतरी वाट बघतंय, पुस्तकं आहेत. मुलगा असणं म्हणजे एवढंच असं आपल्या पोराला वाटलं तर ते अर्धवट वाढणं. म्हणून दहावीच्या सुट्टीत 'फॅन्ड्री' एकत्र बघा. नागराज मंजुळेंचा, २०१४ ला थिएटरात आलेला. त्यातला जब्यापण तेवढ्याच वयाचा, त्याचंही वर्गातल्या एका मुलीवर मन आहे, त्यालाही जीन्स हवीय, आरशात तोही स्वतःला निरखतो. फक्त त्याच्या घरच्यांनी गावातली डुकरं पकडायची हे गावाने ठरवलेलं आहे, आणि ज्या मुलीला आपण आवडावं असं त्याला वाटतं तिच्यासमोर, अख्ख्या शाळेसमोर, त्याला ते करावं लागतं. शेवट सांगत नाही. बघताना फोन बाजूला ठेवा, संपल्यावर लगेच लाइट लावू नका, आणि तुमच्या स्वतःच्या वर्गात असा कोण होता ते आठवून पोराला सांगा, तुम्ही तेव्हा हसलात का तेही सांगा. मी सांगितलं. आमच्या वर्गातल्या एकाला पाण्याच्या माठापाशी सगळे जे बोलायचे ते मी ऐकायचो आणि गप्प राहायचो. माझ्या पोराने माझ्याकडे त्या दिवशी ज्या नजरेने बघितलं ती मला आवडली नाही, पण ती बरोबर होती.

त्यानंतर दया पवारांचं 'बलुतं', १९७८ चं. मुंबईतली कावाखाना ही वस्ती आणि गावाकडचा महारवाडा, या दोन्हीकडे गेलेलं बालपण. सोळाच्या आधी घाई करू नका आणि सोळानंतर टाळू नका. हे वाचताना मधे बोलायला कोणी हवं असतं, तेव्हा तुम्हीही त्याच वेळी परत वाचायला घ्या, एका घरात दोन प्रती लागल्या तरी चालतील. आणि ज्यांच्या घरात हे आजीआजोबांचंच जगणं आहे त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही, तिथे आधी आजोबांना बोलू द्यावं, पुस्तक नंतर.

'कोसला' कधी, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. बारावीनंतर, घर सोडून होस्टेलला जाईल तेव्हा बॅगेत टाका. नेमाड्यांनी ते पंचविशीत लिहिलं, १९६३ ला आलं, खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो आणि सगळं घालवून परत येतो. बापाशी त्याचं जे आहे ते वाचून मला त्रास झाला होता, त्याची धाकटी बहीण मनी गेल्याचं प्रकरण तर मी सलग वाचू शकलो नव्हतो. पोराने ते तुमच्यापासून लांब असतानाच वाचावं.

शेवटचं काम तुमचं. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि तुमचं बारा ते सोळा लिहून काढा. चांगलं मराठी नको, पराक्रम तर अजिबात नकोत. कुठल्या गोष्टीची लाज वाटली होती, पहिली दाढी कोणाच्या ब्लेडने केली आणि कुठे कापलं, रिझल्ट कुठे लपवला, बापाचा राग कधी आला आणि का, कोणत्या मित्राशी बोलणं कायमचं बंद झालं. रोज एक पान, दोन महिने. माझ्या वडलांनी असं काही लिहिलेलं नाही, त्यांना तेरा वर्षांचं असताना काय वाटायचं ते मला कधीच कळणार नाही, कारण आता ते नाहीत, आणि हे मला पोराच्या निमित्ताने पहिल्यांदा जाणवलं. वही लिहून झाली की पुस्तकांच्याच फळीत ठेवा, लंपनच्या शेजारी. वाच म्हणायचं नाही.

आणि गावातल्या किंवा पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व त्याच्या स्वतःच्या नावावर काढा, डिपॉझिट तुम्ही भरा पण कार्ड त्याच्या खिशात. काय आणलं ते बघायचं असेल तर तो झोपल्यावर बघा. आमच्याकडे पहिले सहा महिने भुतांच्या गोष्टी आल्या, मग क्रिकेटवाल्यांची चरित्रं, आणि गेल्या महिन्यात 'पंखा', जे घरात आहे हे माहीत असूनही त्याने तिथून आणलं, कारण घरातल्या प्रतीत जागोजागी माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.